चार पावलांच्या बाथरूममधला कमोड

दुकानात कमोड नेहमी लहान दिसतो. उंच छताच्या, लख्ख दिव्यांच्या दालनात ती पांढरी भांडी चारही बाजूंनी मोकळी मांडलेली असतात, त्यांच्यामधून माणसे ऐसपैस फिरत असतात आणि त्या विस्तारात कुठलेही भांडे नाजूक, आटोपशीर वाटते. तेच भांडे घरच्या सव्वा मीटर रुंदीच्या बाथरूममध्ये आणून ठेवले की एकाएकी अंग धरल्यासारखे दिसू लागते. बेसिनशी त्याची धक्काबुक्की सुरू होते, दार अर्धेच उघडते आणि आत उभ्या राहणाऱ्या माणसाला आपले पाय कुठे ठेवावेत असा प्रश्न पडतो. निवडताना आपण भांडे न्याहाळतो, त्याची चकाकी पाहतो, झाकण हळूच मिटते की आपटते ते तपासतो. राहायचे मात्र असते त्याच्याभोवती उरलेल्या रिकाम्या जागेत, आणि ती जागा कुठल्याच दुकानात मांडलेली नसते.

आमच्या घरातले लहान बाथरूम मुळापासून नव्याने करायचे ठरले, तेव्हा मी बराच वेळ भांड्यांची चित्रे पाहण्यात घालवला होता. रुंदी एक मीटर वीस, लांबी एक मीटर ऐंशी, आणि त्यात कमोड, बेसिन आणि अंघोळीची जागा असे तिन्ही बसवायचे होते. प्लंबरने चित्रांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने जुन्या भांड्याच्या मागे वाकून बॅटरी मारली आणि म्हणाला, “ताई, भांडं नंतर बघू. आधी ट्रॅप कुठला आहे आणि भिंतीपासून किती लांब आहे ते बघू.” लहान बाथरूमच्या बाबतीत याहून कामाचे वाक्य मी अद्याप ऐकलेले नाही.

कमोडचा मैला बाहेर जाण्याचे दोन मार्ग असतात. भांड्याचे तोंड खाली फरशीत उतरत असेल तर तो एस-ट्रॅप आणि मागे भिंतीत जात असेल तर तो पी-ट्रॅप. दोन्हींमध्ये वळणदार नळीत थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातली दुर्गंधी त्या पाण्यामुळे अडते. साधारणपणे किमान पाच सेंटिमीटर खोलीचा हा पाण्याचा पडदा असावा असे धरले जाते. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली ब्रिटनमध्ये असे वळण असलेल्या शौचकूपाचे पेटंट घेतले आणि गेली अडीचशे वर्षे भांड्यांचे आकार कितीही बदलले तरी ते वळण काही सुटलेले नाही. घड्याळांची इवलीशी चाके जुळवणाऱ्या माणसाला हे सुचावे याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. भांड्याच्या पोटातला पुष्कळसा भाग हे वळणच व्यापते, त्यामुळे कमोड वाटेल तितका आखूड करता येत नाही.

एस-ट्रॅपच्या भांड्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचे माप म्हणजे मागच्या भिंतीपासून फरशीतल्या तोंडाच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर. अमेरिकेत ते बहुतेक ठिकाणी १२ इंच असते, जुन्या घरांत १० किंवा १४ इंचही आढळते. अन्यत्र ४ इंचांपासून ९ आणि १२ इंचांपर्यंत निरनिराळी मापे चालतात, आणि प्रत्येक मापासाठी भांडे वेगळे असते. तोंड भिंतीपासून ९ इंचांवर असताना १२ इंची भांडे आणले तर ते बसणारच नाही, कारण मागचा भाग भिंतीला अडेल. उलट तोंड १२ इंचांवर असताना ९ इंची भांडे आणले तर ते बसेल, पण मागे तीन इंचांची फट राहील आणि सगळा कमोड तेवढाच पुढे येईल. मोठ्या बाथरूममध्ये ही फट कोणाच्या ध्यानातही येत नाही. लहान बाथरूममध्ये ते साडेसात सेंटिमीटर म्हणजे गुडघा आणि समोरचे दार यांच्यातले अंतर असते.

हे माप तयार भिंतीपासून घ्यायचे असते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. जुन्या टाइल फोडल्यावर दिसणाऱ्या उघड्या विटांपासून मोजपट्टी लावली, तर त्यावर पुढे गिलावा येणार, टाइल चिकटवण्याचा माल येणार आणि टाइलची स्वतःची जाडी येणार. हे सगळे मिळून अडीच-तीन सेंटिमीटर सहज खाल्ले जातात. फरशीचेही तसेच असते. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली की जमीन वर येते, पण भिंतीतले पी-ट्रॅपचे तोंड आहे तिथेच राहते, आणि तोंडाची उंची साधारण अठरा-एकोणीस सेंटिमीटर धरून बनवलेले भांडे मग त्याला नीट भिडत नाही. एखाद-दोन सेंटिमीटरची चूक सांभाळून घेणारा, मध्यबिंदू बाजूला असलेला जोड बाजारात मिळतो, आणि तो असावाही. परंतु तो हाताशी आहे म्हणून माप सैल घ्यावे असे नाही.

मग मनात येते, तोंडच का सरकवू नये? सरकवता येते, पण त्याची किंमत उंचीत मोजावी लागते. मैला वाहून नेणाऱ्या चार इंची पाइपला दर चाळीस भागांना एक भाग असा उतार द्यायची सर्वसाधारण रीत आहे, म्हणजे कमोड एक मीटर बाजूला न्यायचा तर अडीच सेंटिमीटरचा उतार हवा. त्यात पाइपची स्वतःची जाडी मिळवा, जोडणीचे वळण मिळवा, आणि हे सगळे स्लॅबच्या वरच मावायचे असेल तर बाथरूममध्ये चक्क एक पायरी चढून जावे लागते. ओल्या पायांनी, रात्री, झोपेत. मैला बारीक करून अरुंद पाइपमधून ढकलणारा विजेवरचा पंप फ्रान्समध्ये १९५८ साली निघाला आणि जिथे दुसरा इलाजच नाही अशा तळघरात किंवा माळ्यावर तो उपयोगी पडतो हे मान्य. पण त्याला वीज लागते, तो आवाज करतो आणि भलतेसलते काही आत गेले की रुसून बसतो. जिथे तोंड आहे तिथेच त्याच्याशी जमवून घेणारे भांडे शोधावे, या मताला मी आले ते अशा सगळ्या हिशेबांनंतर.

तोंडाचा प्रश्न सुटला की लांबीचा येतो. भिंतीपासून भांड्याच्या पुढच्या टोकापर्यंतचे अंतर हे लहान बाथरूममधले दुसरे निर्णायक माप. टाकी आणि भांडे वेगवेगळे असलेला जुन्या पद्धतीचा कमोड बहुधा सत्तर ते शहात्तर सेंटिमीटर पुढे येतो. टाकीसकट एकसंध घडवलेला कमोड अडुसष्ट ते बहात्तरच्या आसपास असतो, आणि त्यातले आखूड नमुने बासष्ट-पासष्टपर्यंतही खाली येतात. वरून पाहता भांडे गोल असेल तर लांबट भांड्याच्या तुलनेत सुमारे पाच सेंटिमीटर वाचतात. लांबट भांड्यावर बसायला अधिक आरामशीर वाटते यात शंका नाही, विशेषतः पुरुषांना. पण जिथे समोर बेसिनची कड आहे तिथे गोल भांडे घ्यावे हेच बरे.

भिंतीवर टांगलेला, खालून मोकळा असलेला कमोड हा या सगळ्यातला लाडका. चित्रात तर तो फारच सुंदर दिसतो: खाली फरशी सलग धावते, टाकी कुठेच दिसत नाही, भिंतीवर फक्त दोन बटणांची एक पट्टी. भांड्याची लांबी पाहावी तर अठ्ठेचाळीस ते छप्पन्न सेंटिमीटर, म्हणजे वीस सेंटिमीटरची बचत झाली असे कोणालाही वाटेल. मलाही तो हवासा वाटत होता. पण टाकी दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. ती लोखंडी चौकटीसह भिंतीच्या आत किंवा भिंतीपुढे बांधलेल्या खोट्या भिंतीत असते. सडपातळ टाकी आठ सेंटिमीटरची मिळते, नेहमीची बाराच्या आसपास. तिच्यापुढे बोर्ड किंवा विटा, त्यावर टाइल, असे करत ही खोटी भिंत पंधरा ते वीस सेंटिमीटर जाडीची होते. आता भांड्याचे चोपन्न आणि भिंतीचे अठरा यांची बेरीज करून पाहावी: बहात्तर! म्हणजे एकसंध कमोडएवढेच. पायाखालची फरशी दिसते म्हणून खोली मोठी भासते, आणि तो भास काही अगदीच टाकाऊ नाही. पण समोरच्या दारापासूनचे अंतर मोजपट्टीवर जिथल्या तिथेच राहते. ज्यांच्या बाथरूममागे पाइपांसाठी रिकामी पोकळी आहे किंवा जिथे जाड भिंतीत टाकी खोल बसवता येते, त्यांची बचत खरी. बाकीच्यांनी बेरीज करूनच मग मोहात पडावे.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती. मैल्याचे तोंड फरशीत, भिंतीपासून बावीस सेंटिमीटरवर होते. टांगत्या कमोडला ते तोंड मागे, चौकटीच्या आत हवे असते. त्यासाठी एक तर फरशी फोडून तोंड भिंतीकडे सरकवायला हवे होते, किंवा चौकट पुढे आणून खोटी भिंत आणखी जाड करायला हवी होती. पहिल्यात खालच्या घराच्या छताशी गाठ होती आणि दुसऱ्यात टांगत्या कमोडची हौसच फुकट जात होती.

टांगता कमोड वजन पेलेल का, अशी धास्ती मात्र बाळगण्याचे कारण नाही. युरोपीय मानकानुसार अशा भांड्याला सुमारे चारशे किलोच्या भाराची परीक्षा द्यावी लागते. भार भांडे पेलतेच, प्रश्न मागच्या आधाराचा असतो. पातळ विटांच्या आडभिंतीत नुसते खिळे ठोकून भागत नाही, चौकटीचे पाय जमिनीत घट्ट बांधावे लागतात.

मापांबद्दल बोलतो आहोत तर मातीचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. कमोड साच्यात ओतून घडवतात, वाळवतात आणि बाराशे अंशांच्या आसपास भाजतात; या सगळ्यात माती सुमारे दहाव्या हिश्श्याने आक्रसते. कारखानदार ते गृहीत धरून साचा मोठा करतो, तरी प्रत्येक भांडे भट्टीतून अगदी सारख्याच मापाचे निघत नाही. पुस्तिकेत छापलेले ६५० मिलिमीटर म्हणजे ‘त्याच्या आसपास’ असे समजावे. जिथे सेंटिमीटरभराने गाडे अडणार आहे, तिथे घरी येणारे नेमके तेच भांडे मोजून घ्यावे, आणि फरशीवर टेकणारा त्याचा तळ सपाट आहे की डुगडुगतो तेही पाहून घ्यावे. दुकानदार थोडा वैतागतो. वैतागू द्यावे.

यापुढचे माप मात्र भांड्याचे नाही, माणसाचे आहे, आणि माझ्या मते सगळा विषय इथे येऊन ठेपतो. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांत कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूची भिंत किंवा बेसिन किमान १५ इंच, म्हणजे अडतीस सेंटिमीटर दूर असावे असे म्हटले आहे, आणि भांड्यासमोर किमान २१ इंच मोकळे हवेत, काही नियमावल्यांत २४. भांडे स्वतः पस्तीस-अडतीस सेंटिमीटरच रुंद असते, मग दोन्हीकडची मिळून शहात्तर सेंटिमीटर रुंदी कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर खांद्यांत आणि कोपरांत आहे. बसलेला माणूस पुतळ्यासारखा स्थिर नसतो. तो कपडे सावरतो, एका कुशीवर किंचित कलतो, हात मागे नेतो, जेट स्प्रेकडे वळतो. कॉर्नेल विद्यापीठातले वास्तुशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर किरा यांनी १९६६ साली बाथरूममधल्या मानवी हालचालींचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. शरीर कसे वाकते, किती पसरते, कुठे आधार शोधते हे इतक्या गांभीर्याने मोजायला विसावे शतक निम्म्याहून अधिक उलटावे लागले, यावरून या विषयाचा आपल्याला वाटणारा संकोच किती मुरलेला आहे ते कळते.

समोरच्या जागेचे गणित बसून कळत नाही, उठून कळते. खुर्चीवरून किंवा कमोडवरून उठताना माणूस सरळ वर जात नाही. तो आधी पावले मागे ओढतो, मग धड पुढे झुकवतो आणि त्या क्षणी डोके गुडघ्यांच्याही पुढे गेलेले असते. वजन पावलांवर आल्यावर मगच गुडघे सरळ होतात. तरुण माणूस हे झटक्यात करतो, त्यामुळे त्याच्या ते लक्षातही येत नाही. गुडघे दुखणारा माणूस अधिक झुकतो आणि अधिक वेळ झुकलेला राहतो. समोर हातभर अंतरावर भिंत असेल तर त्याला पूर्ण झुकता येत नाही, आणि मग तो बाजूला हात टाकून बेसिनची कड धरतो. बेसिन काही त्यासाठी बसवलेले नसते.

म्हणून भांडे विकत घेण्याआधी आम्ही पुठ्ठ्याचा आकार कापला. खोक्याचा जाड पुठ्ठा, त्यावर पुस्तिकेतले माप आखून कापलेली भांड्याची वरची बाह्यरेषा, आणि तो बाथरूमच्या उघड्या जमिनीवर नेमक्या जागी ठेवून त्यावर चाळीस सेंटिमीटर उंचीचे स्टूल. बेसिनच्या जागी भिंतीवर खडूने चौकोन काढला. घरातल्या प्रत्येकाने तिथे बसून उठून पाहावे असे ठरले आणि थोडी चेष्टामस्करी झाल्यावर सगळे खरोखरच बसले. आई बसली, उठायला लागली आणि तिचा उजवा हात आपसूक खडूच्या चौकोनाकडे गेला. ती काही बोलली नाही. तिच्या ते लक्षातही आले नसावे. बेसिन दुसऱ्या भिंतीवर न्यायचे आणि त्या जागी धरायचा दांडा बसवायचा, हे त्याच क्षणी ठरले. पुस्तिका, चित्रे आणि सल्ले यांतून जे निघाले नाही ते पुठ्ठ्याच्या तुकड्याने सांगितले.

उंचीचेही तिथेच ठरले. नेहमीचे भांडे सीटसह चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते. गुडघ्यांना सोपे जावे म्हणून बनवलेली उंच भांडी त्रेचाळीस ते अठ्ठेचाळीसपर्यंत जातात. उंच भांडे सर्वांनाच चांगले, असे सरसकट सांगितले जाते ते मला पटत नाही. बुटक्या माणसाचे किंवा मुलाचे पाय त्यावर अधांतरी राहतात, मांडीखाली कड रुतते, आणि पाय टेकलेले नसले की पोटाला जोरही नीट मिळत नाही. टांगत्या कमोडचा एक खरा फायदा असा की त्याची उंची बसवतानाच ठरवता येते. जमिनीवरच्या भांड्यात ती सोय नाही, पण पायाखाली चौरंग सरकवता येतो, आणि चौरंग काढताही येतो.

उकिडवे बसण्याचे भांडे लहान जागेला अधिक सोयीचे, असेही कोणी म्हणेल. वरून पाहता ते खरे आहे, कारण ते जमिनीबाहेर येतच नाही आणि आजूबाजूची जागा मोकळी राहते. पण त्याचे भांडे आणि वळण दोन्ही जमिनीखाली जातात, त्यासाठी स्लॅब आधीपासून खोल असावा लागतो, आणि गुडघे साथ देत नसतील तर प्रश्न तिथेच संपतो.

आता दार. आत उघडणारे दार लहान बाथरूमची जेवढी जागा खाते तेवढी कुठलेच भांडे खात नाही. आमच्या एक मीटर ऐंशीच्या लांबीत कमोडचे सत्तर गेले आणि दाराच्या फिरण्याचे सत्तर गेले की उरतात चाळीस, आणि त्यात माणसाने उभे राहून दार लावायचे असते. शिवाय आत कोणी चक्कर येऊन पडले, तर त्याचेच शरीर दाराला अडते आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. ज्यांच्या घरात वयस्कर माणसे आहेत त्यांनी हा विचार सगळ्यांत आधी करावा. बाहेर उघडणारे किंवा सरकते दार केले की हे दोन्ही प्रश्न मिटतात. बिजागऱ्या बदलून चौकट फिरवून घेणे हे भांड्यांच्या नमुन्यांमध्ये दिवसेंदिवस डोके खुपसण्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक काम आहे, पण ते कोणी सुचवत नाही, कारण कमोड विकणारा दार विकत नसतो.

फ्लशविषयी थोडक्यात. लहान भांड्याला बहुतेक वेळा वरून पाणी ढकलून मैला बाहेर लोटण्याची पद्धत असते. दुसऱ्या, पाणी ओढून घेणाऱ्या पद्धतीला लांब आणि अरुंद वळण लागते, भांडे मोठे होते, आणि वळण अरुंद असल्यामुळे तुंबण्याची शक्यताही वाढते. पहिल्या पद्धतीत भांड्यात साचलेले पाणी कमी असते, त्यामुळे कोरड्या भागावर डाग पडतात आणि ब्रश जास्त वेळा फिरवावा लागतो. हा सौदा लहान बाथरूममध्ये मी आनंदाने करीन. टाकी लहान होत गेली ती पाणी वाचवण्याच्या खटपटीतून. एकेकाळी एका फ्लशला तेरा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी जाई. अमेरिकेत १९९२च्या कायद्याने नव्या कमोडसाठी सुमारे सहा लिटरची मर्यादा आली, आणि ऑस्ट्रेलियात त्याच्या आधीच, १९८० साली, ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांचा फ्लश आणला होता. सुरुवातीच्या कमी पाण्याच्या भांड्यांची कामगिरी यथातथाच होती आणि लोक दोनदा बटण दाबून वाचवलेले पाणी पुन्हा घालवत असत. त्यावर उपाय म्हणून पुढे सोयाबीनच्या घट्ट लगद्याचे गोळे भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते मोजण्याची चाचणी निघाली. साडेतीनशे ग्रॅम म्हणजे पास, आणि काही भांडी हजारापर्यंत जातात. घ्यायच्या भांड्याचा असा आकडा मिळत असेल तर तो त्याच्या रंगरूपापेक्षा अधिक विश्वासाचा.

कोपऱ्यात बसणारा, त्रिकोणी टाकीचा कमोड हा जागा वाचवण्याचा आणखी एक प्रकार. तो कोपरा वापरतो हे खरे, पण बसणाऱ्याचे गुडघे खोलीच्या मध्याकडे तिरपे येतात, आणि मैल्याचे तोंडही नेमके त्या तिरप्या रेषेवर हवे असते. फारच वेड्यावाकड्या खोलीत तो शोभतो. टाकीच्या झाकणावरच हात धुण्याचे बेसिन असलेला, जपानमध्ये रूढ असलेला प्रकार मला त्याहून आवडतो. टाकीत भरायला येणारे स्वच्छ पाणी आधी हातावरून वाहते आणि मग फ्लशला जाते. मात्र हात धुण्यासाठी भांड्याच्या पुढे उभे राहून त्याच्यावरून वाकावे लागते, तेव्हा कंबरदुखी असलेल्यांनी आधी तसे वाकून पाहावे.

निवडीच्या चर्चेत सगळ्यांत कमी बोलते ती व्यक्ती, जी पुढे कमोड घासणार असते. थॉमस ट्वायफर्ड यांनी १८८३ साली संपूर्ण चिनीमातीचा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा कमोड आणला, त्याआधी भांडे लाकडी पेटीत झाकलेले असे आणि त्या पेटीच्या आत काय साठत असेल याची कल्पना न केलेली बरी. पेटी गेली आणि चारही बाजूंनी पुसता येणारे भांडे आले. आज आपण टाकी पुन्हा भिंतीत झाकतो आहोत. ती दुरुस्त करायची तर बटणांच्या पट्टीमागच्या वीतभर खिडकीतून हात घालावा लागतो. जमिनीवरच्या आखूड भांड्याचा मागचा भाग भिंतीला टेकेपर्यंत सलग भरलेला असेल तर केस आणि धूळ अडकायला कोपरा उरत नाही. वळणाची नळी बाहेरून दिसणारी असेल तर तिच्या मागे फडके न्यायला मनगट वळवावे लागते, आणि बाजूची भिंत जवळ असेल तर तेही वळत नाही. कडेखालची पोकळ पन्हळ नसलेले भांडे घासायला सोपे, यात वादच नाही. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक भांड्याच्या मागे दडलेला नसावा. तो बंद करण्याची वेळ येते तेव्हा फरशीवर पाणी पसरलेले असते आणि माणूस गुडघ्यांवर असतो.

झाकणाचे एक राहिले. उघडल्यावर झाकण काटकोनाच्या थोडे पलीकडे कलले पाहिजे. मागे फळी किंवा खिडकीची कड पुढे आलेली असेल तर ते आपोआप खाली येते. शिवाय सीट ही कमोडच्या आयुष्यात बदलावी लागणारी वस्तू आहे. चौकोनी, चंद्रकोरी अशा खास आकारांच्या सीट काही वर्षांनी मिळेनाशा होतात. साध्या अंडाकृती भांड्याला, बिजागरीच्या भोकांमधले अंतर पंधरा-सोळा सेंटिमीटर असेल तर, कुठलीही चालून जाते.

शेवटी आम्ही घेतले ते भांडे चित्रांच्या त्या पहिल्या यादीत कुठेच नव्हते: एकसंध, जमिनीवर उभे, मागे भिंतीला टेकणारे, बावीस सेंटिमीटरच्या तोंडाला जुळणारे आणि पासष्टच्या आत संपणारे. दार बाहेर उघडू लागले, बेसिन पलीकडच्या भिंतीवर गेले आणि आईच्या हाताच्या उंचीवर दांडा आला. बसवताना प्लंबरने बोल्ट एकाच बाजूचा पूर्ण न आवळता दोन्हीकडचे आळीपाळीने थोडे थोडे आवळले, कारण एकीकडून जोर पडला तर चिनीमाती तडकते. मग लेव्हल दोन्ही दिशांनी धरून पाहिली, बादलीभर पाणी एकदम ओतून पाहिले, आणि तळाची कड पांढऱ्या सिलिकॉनने बंद करत आणताना मागच्या बाजूला दोन बोटे रुंदीची जागा त्याने मुद्दाम मोकळी सोडली. तिथे का नाही भरले, असे विचारल्यावर तो म्हणाला की आतल्या जोडाला कधी गळती लागली तर पाणी फरशीखाली मुरत न बसता तिथून बाहेर येईल, आणि घरातल्यांना ते त्याच दिवशी दिसेल.